‘आमच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत!’ : निष्ठा, राग आणि मोजमापाचा एक घोळ

“ताई, पीएच.डी.साठी विषय कुठून आणायचा?” पेट पास होऊन सिनॉप्सिसपाशी अडकलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत येतो. गाईड सांगतात, लिटरेचर वाचा आणि गॅप शोधा. बरोबरच आहे ते. पण माझा विषय मला साताऱ्याच्या घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे सापडला. आज त्याचीच गोष्ट सांगते. जाता जाता एका जुन्या प्रयोगातली खोच पण बघू, कारण ती कळली नाही तर तुमचा अर्धा डेटा फुकट जाऊ शकतो.

बाबा हायस्कूलात गणित शिकवायचे. २०१७ साली रिटायर झाले आणि मिळालेल्या पैशातून आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे लेख अर्धवट सोडून माझ्याशी भांडायला याल, आणि आजचा विषय नेमका तोच आहे. २०१९च्या दिवाळीत मावसभाऊ घरी आला. गाडीचं दार दोनदा उघडलं-लावलं आणि म्हणाला, “काका, राग नका मानू, पण पत्रा पातळ आहे हो. डबा वाजल्यासारखा आवाज येतो.” बाबा जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला होते. पुढचे तीन दिवस फॅमिली ग्रुपवर मी त्या बिचाऱ्यावर ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च, रिसेल असे आकडे नुसते फेकत होते. ती गाडी तोपर्यंत मी एकदाही चालवली नव्हती, हे इथे कबूल करते.

२०२१मध्ये कंपनीचं पत्र आलं. अमुक काळात बनलेल्या गाड्यांच्या फ्युएल पंपात दोष असू शकतो, इंजिन चालता चालता बंद पडू शकतं, जवळच्या सर्व्हिस सेंटरला या, पार्ट फुकट बदलून देऊ. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कॅलेंडरमागे खोचून ठेवलं. “आपल्या गाडीला काही झालेलं नाही.” २०२२च्या पावसाळ्यात आईबाबा पुण्याहून परत येत होते. खंबाटकी घाट चढताना गाडी बंद पडली. मागे मालाने भरलेला ट्रक. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. हे मला आईने पाच महिन्यांनी सांगितलं. बाबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मुलांच्या वहीतली अधिक-उण्याची चूकही न सोडणारा माणूस, त्याला कंपनीने स्वतः लिहून कळवलेली चूक दिसली कशी नाही? इथून माझं वाचन सुरू झालं.

सामाजिक मानसशास्त्राची ओळख असेल तर तुम्ही लगेच म्हणाल, कॉग्निटिव्ह डिसोनन्स. लिऑन फेस्टिंजरने १९५७ साली मांडलेली ही कल्पना. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन गोष्टी मनात एकदम आल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थता कमी करायला त्यातली सोपी गोष्ट बदलतो. ‘मी विचार करून वागणारा माणूस आहे’ ही एक गोष्ट, ‘मी साडेसात लाखांना दोष असलेली वस्तू घेतली’ ही दुसरी. गाडी परत देता येत नाही, पैसे गेलेले, पेढे वाटून झालेले. राहिलं काय बदलायला? तो दोष. म्हणजे ‘दोष वगैरे काही नाही’ असं म्हणायचं. गाडीची खरेदी या सिद्धांतासाठी जणू मापाने शिवलेली आहे: रक्कम मोठी, निर्णय मागे न घेता येणारा, आणि सगळ्या गल्लीसमोर घेतलेला.

गंमत म्हणजे गाड्यांवरचा प्रयोग १९५७ सालीच झाला होता. मिनेसोटामध्ये एर्लिक आणि सहकाऱ्यांनी नुकतीच नवी गाडी घेतलेल्या आणि जुनीच गाडी वापरणाऱ्या लोकांना त्यांनी चाळलेल्या मासिकांतल्या, वर्तमानपत्रांतल्या गाड्यांच्या जाहिराती दाखवल्या. यातली कुठली दिसली होती, कुठली वाचली होती, हे विचारलं. नवे मालक आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते. पैसे देऊन झाल्यावर! जाहिरात खरेदीच्या आधी वाचायची असते असा आपला समज. पण सिद्धांताचा दुसरा अंदाज फसला. विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या जाहिराती लोक टाळतील अशी अपेक्षा होती, ते काही दिसलं नाही. हा फसलेला अंदाजही त्याच पेपरात छापलेला आहे. सिनॉप्सिस लिहिताना सगळे हायपोथेसिस खरे ठरलेच पाहिजेत म्हणून घाम फुटत असेल तर हा पेपर जरूर वाचा.

त्याच्या एक वर्ष आधी, १९५६ साली, जॅक ब्रेमचा प्रयोग आला, आणि आपली खोच त्यात आहे. ब्रेमने विद्यार्थिनींना टोस्टर, रेडिओ, कॉफी मेकर अशा वस्तू किती आवडतात ते विचारून गुण द्यायला लावले. मग त्यातल्या दोन वस्तू पुढे ठेवून म्हटलं, यातली एक घरी न्या. निवड झाल्यावर पुन्हा गुण. निवडलेली वस्तू वर चढली, सोडलेली खाली उतरली. दोन्ही वस्तू जवळजवळ सारख्याच आवडीच्या असतील तर हे अंतर जास्त वाढत होतं. निष्कर्ष: निवड केली की आवड बदलते. पुढची पन्नास वर्षं हा प्रयोग थोड्याफार फरकाने शेकडो वेळा झाला, माकडांवर सुद्धा झाला.

आता थोडं हळू वाचा.

होस्टेलजवळ दोन खानावळी आहेत असं समजा. मी तुम्हाला दहापैकी गुण द्यायला सांगितले, तुम्ही दोन्हींना सात दिले. पण माणसाच्या मनात काही पूर्णांक नसतात. पहिली खरं तर ७.३ आवडते, दुसरी ६.८. कागदावर दोन्ही सात. शिवाय त्या दिवशी दुसरीकडे बटाट्याची भाजी चांगली झाली होती म्हणून तिला थोडा भाव मिळाला. महिनाभराची मेस लावायची वेळ आली तेव्हा तुम्ही पहिली निवडली. साहजिक आहे, ७.३ आहे ती. नंतर मी पुन्हा गुण विचारले तर पहिलीला आठ, दुसरीला साडेसहा. मी ओरडले, “बघा! निवड केल्यामुळे आवड बदलली!”

बदलली का? तुमच्या मनात काहीच हललं नाही. पहिल्या वेळी माझं मोजमाप ढोबळ होतं, त्यात त्या दिवसाचा योगायोग मिसळला होता. तुमच्या निवडीने मला एक नवी माहिती दिली, की खरी आवड पहिलीकडे झुकलेली आहे. ज्या वस्तू लोक निवडतात त्या मुळातच त्यांना थोड्या जास्त आवडणाऱ्या असतात. त्यामुळे दुसऱ्या मोजणीत त्या सरासरीने वर दिसणारच, मन बदलो किंवा न बदलो.

हा आक्षेप कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने घेतला. २०१० साली त्याने जेन रायसन या मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर पेपर काढला आणि त्यात एक साधी तुलना केली. एका गटाला नेहमीच्या क्रमाने: गुण, निवड, गुण. दुसऱ्या गटाला: गुण, गुण, आणि मग शेवटी निवड. दुसऱ्या गटात दोन्ही वेळचे गुण निवडीच्या आधीच देऊन झालेत, त्यामुळे निवडीने ते बदलणं शक्यच नाही. तरीही ‘नंतर निवडलेली’ वस्तू दुसऱ्या मोजणीत वर गेलेली दिसली. परिणाम कारणाच्या आधी! म्हणजे आधीच्या प्रयोगांत दिसलेल्या अंतरापैकी काही भाग नुसता गणिताचा होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत बसून दोनदा वहीवर मांडून बघितलं. स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी असून मला पहिल्या वाचनात ब्रेमच्या प्रयोगात काहीच खटकलं नव्हतं. तुम्हालाही खटकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. हजारो मानसशास्त्रज्ञांना पन्नास वर्षं खटकलं नव्हतं.

मग डिसोनन्सची कल्पनाच बाद झाली का? नाही. पुढे नीट नियंत्रित गट घेऊन प्रयोग झाले. इझुमा आणि मुरायामा यांनी २०१३ साली असे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा गणिताचा भाग वजा करूनही निवडीचा परिणाम उरला. ताली शारोट आणि सहकाऱ्यांनी तर त्याआधीच वेगळी युक्ती काढली होती. निवड प्रत्यक्षात संगणक करायचा, पण ती आपण केली असं त्या माणसाला वाटायचं. ‘मी निवडलं’ एवढ्या भावनेनेही आवड सरकली. म्हणजे माणसं निर्णयानंतर आपल्या वस्तूच्या बाजूला झुकतात हे खरंच, फक्त किती झुकतात ते मोजताना काटा शून्यावर आहे ना ते आधी बघायचं.

हे सगळं मी गाड्यांकडे का आणते आहे? ‘अमुक गाडीचे मालक सर्वात जास्त समाधानी’ अशा पाहणीवरून तुम्ही ‘हे लोक आंधळे निष्ठावंत आहेत’ असं काढू शकत नाही, म्हणून. समाधानी आहेत कारण त्यांनी त्यांना शोभेल अशीच गाडी घेतली असेल. तालुक्याच्या गावी राहणारा माणूस मारुती सोडायला तयार नसतो, तेव्हा शहरातला पोरगा त्याला हसतो. पण त्या गावात मारुती दुरुस्त करणारा मेकॅनिक चौकात बसलेला असतो, आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या पार्टसाठी जिल्ह्याला जावं लागतं. ही निष्ठा हिशेबाची आहे. तिला ‘भक्त’ म्हणून हिणवणं हा मला संशोधकाचा आळस वाटतो. वापरून बनलेलं मत आणि स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. ते वेगळे कसे करायचे, हा प्रश्न.

याचं मला आवडलेलं उत्तर शर्ली चेंग, टिफनी व्हाइट आणि लॅन चॅप्लिन यांच्या २०१२च्या पेपरात आहे. आधी त्यांनी पाहिलं की ज्यांचं एखाद्या ब्रँडशी ‘हे म्हणजे मीच’ असं नातं आहे, त्यांना त्या ब्रँडच्या अपयशाने स्वतःबद्दलच कमी वाटायला लागतं, आणि तरीही ब्रँडबद्दलचं त्यांचं मत चांगलंच राहतं. मग त्यांनी काही जणांना वाईट बातमी वाचायला देण्याआधी स्वतःच्या दृष्टीने महत्त्वाच्या, ब्रँडशी काही संबंध नसलेल्या मूल्यांचा विचार करायला लावला. यालाच सेल्फ-अफर्मेशन म्हणतात. त्या लोकांनी नंतर ब्रँडला कमी गुण दिले.

यातली मांडणी बघा. मत जर निव्वळ अनुभवावर उभं असेल, तर स्वतःच्या चांगुलपणाची आठवण करून दिल्याने ते हलायचं काही कारण नाही. हललं, याचा अर्थ ते मत कसल्यातरी जखमेवर हात धरून बसलं होतं. मत बरोबर की चूक या वादात न पडता, ते कशावर उभं आहे एवढंच तपासलं. चांगला प्रयोग असा असतो.

रसेल बेल्कने १९८८ साली लिहिलं होतं की आपल्या वस्तू हा आपल्या ‘मी’चाच पसरलेला भाग असतो. हा पेपर समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. टायरमधली हवा गेली की आपण फोनवर सांगतो, “मी पंक्चर झालोय, उशीर होईल.” गाडीच्या बंपरला धक्का लागतो आणि आपण म्हणतो, “मला मागून ठोकलं.” मावसभाऊ त्या दिवाळीत पत्र्याबद्दल बोलत होता, आणि बाबांनी ऐकलं ते स्वतःबद्दल.

माणूस स्वतःला वाचवत असतो याची दुसरी खूण म्हणजे सरकणारी फूटपट्टी. २०१४च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांचे क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय१० आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. तेव्हा सगळ्या कंपन्यांचे मालक एका आवाजात म्हणायचे की आपल्या रस्त्यांवर कोण एवढ्या वेगाने धडकतो. डिसेंबर २०१८मध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी असे पाच स्टार मिळवणारी भारतात बनलेली ती पहिली गाडी. त्यानंतर एका बाजूला स्टार हेच सर्वस्व झालं आणि दुसऱ्या बाजूला ‘स्टार खायचे का, ॲव्हरेज सांगा’. मग नोव्हेंबर २०२४मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांची बाजू एका आठवड्यात उलटली. स्टार थोतांड म्हणणारा स्टार मिरवायला लागला, आणि स्टारवाला म्हणाला की टेस्टमधलं सगळं खरं थोडंच असतं. दोघंही इंजिनियर. झिवा कुंडाने १९९० साली ज्याला मोटिव्हेटेड रीझनिंग म्हटलं ते याहून स्वच्छ मला तरी दिसलेलं नाही. हवं ते उत्तर आलं की माणूस ‘हे मानायला हरकत नाही ना’ एवढंच बघतो, नको ते आलं की ‘हे मानलंच पाहिजे का’ असं विचारतो. हुशार माणसाला दुसऱ्या प्रश्नाची पळवाट लवकर सापडते, एवढाच फरक.

इथवर एकट्या माणसाचं झालं. पण गाडीवाल्यांचा राग एकट्याचा नसतो. मुनीझ आणि ओ’ग्विन यांनी २००१ साली ‘ब्रँड कम्युनिटी’ ही संकल्पना मांडली, ती फोर्ड ब्रॉन्को, साब आणि मॅकिंटॉश वापरणाऱ्या लोकांमध्ये राहून. साबवाले रस्त्यात एकमेकांना दिवे दाखवून ओळख द्यायचे, कोणाची साब बंद पडली तर थांबून मदत करायचे. आपल्याकडे बुलेटवाल्यांचं असंच असतं. जातभाई भेटल्याचा आनंद असतो तो. आणि ‘आपण’ तयार झालं की ‘ते’ही तयार होतात. खरा साबवाला कोण आणि नुसता मिरवायला घेणारा कोण, यावरही तिथे वाद होता.

माझं काम इथून सुरू होतं, कारण इथे दोन संशोधनं एकमेकांसमोर उभी ठाकतात. मार्केझ, इझेर्बिट आणि लेयन्स यांनी १९८८ साली ‘काळी मेंढी’ परिणाम दाखवला: आपल्याच गटातला माणूस वावगा वागला तर आपण त्याला परक्यापेक्षाही कडक शिक्षा देतो. या हिशेबाने तक्रार करणाऱ्या मालकाचे हाल सर्वात जास्त व्हायला हवेत. होतातही. “तुला चालवता येत नाही,” “सर्व्हिसिंग वेळेवर केलं होतंस का,” “माझी चार वर्षं झाली, एक रुपया खर्च नाही.” दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलला असता तर हसून सोडून दिलं असतं. पण मॅथ्यू हॉर्न्सी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली नेमकं उलटं दाखवलं. ऑस्ट्रेलियन लोकांना ऑस्ट्रेलियाबद्दलची तीच टीका ऑस्ट्रेलियन माणसाने केली तर कमी झोंबली, बाहेरच्याने केली तर जास्त. आपलाच माणूस बोलतो तेव्हा तो भल्यासाठी बोलतोय असं आपण धरून चालतो.

दोन्ही खरं कसं असेल? माझा सध्याचा अंदाज असा आहे: तक्रार करणारा मालक ‘आपला’ आहे की नाही, हे त्याच्या आरसी बुकावरून ठरत नाही. तक्रार करताक्षणी त्याला गटाबाहेर ढकलण्याचा प्रयत्न होतो. ‘तू खरा मालक नाहीस, तुला दुसऱ्या कंपनीने पाठवलंय.’ हा प्रयत्न यशस्वी झाला तर तो परका ठरतो आणि त्याचं बोलणं झटकता येतं. फसला तर त्याचं ऐकावं लागतं. अंदाज चुकीचाही निघेल. तपासतेय.

आणि हे नुसतं भांडणाचं शास्त्र नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलं की वस्तू बिघडायला लागली की ग्राहकापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा बोलणं. निष्ठा असलेला ग्राहक पटकन सोडून जात नाही, म्हणून तो बोलतो, आणि त्याच्या बोलण्याने वस्तू सुधारते. म्हणजे निष्ठा ही तक्रारीची मैत्रीण. गाडीवाल्यांमध्ये मला उलटं दिसतं, इथे निष्ठाच तक्रारीचं तोंड दाबते. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद आली, नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत ते, आणि वर्षाच्या विक्रीच्या हिशेबात तक्रारी ठराविक संख्येला पोचल्या की सरकार हालचाल करू शकतं. म्हणजे तक्रार ही इथे अक्षरशः मोजली जाणारी वस्तू आहे. ‘गप रे, आपल्या गाडीचं नाव खराब होतं’ असं म्हणून एकेक मालक गप्प बसवला, तर तो आकडा कधी भरायचा? आणि तोपर्यंत त्या गाड्या कुठल्या ना कुठल्या घाटातून जात राहणार.

आता माझी फजिती सांगते. प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात मी विचारलं होतं, ‘तुम्ही तुमच्या गाडीबाबत किती समाधानी आहात? १ ते १०.’ ओळखीच्या काही जणांना दिली. सगळे आठच्या वर. मग साताऱ्याला गेले असताना, गाडीची कामं करणाऱ्या आमच्या जुन्या मेकॅनिककाकांना सहज विचारलं, की लोक गाडीबद्दल खरं कधी बोलतात हो? ते हसले. म्हणाले, “पोरी, माझ्याकडे येतो तो प्रत्येक माणूस म्हणतो गाडी फर्स्ट क्लास आहे, फक्त... त्या ‘फक्त’च्या पुढचं ऐकायचं. आधीचं सगळं बायकोला सांगायला.”

गाईडना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, याला इंग्रजीत तुझ्यासाठी एक चॅप्टर आहे, वाच आणि ये. तो चॅप्टर प्रश्नाची शब्दरचना बदलली की उत्तर कसं बदलतं यावर होता, पण माझ्यासाठी त्यात मेकॅनिककाकांपेक्षा नवीन फार नव्हतं. आता माझ्या मसुद्यात प्रश्न असा आहे: ‘तुमचा सख्खा भाऊ हीच गाडी घ्यायला निघालाय. त्याला आधीच सांगून ठेवाल अशी एखादी गोष्ट लिहा.’ इथे टीका करायची नाही, भावाची काळजी घ्यायची आहे. एकाच ओळखीच्या गृहस्थांनी समाधानाला दहापैकी नऊ दिले आणि या प्रश्नाखाली अकरा ओळी लिहिल्या. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय यातही खोच असू शकते: भावाची आठवण काढल्यामुळे लोक नसलेल्या अडचणीही शोधून लिहितील. म्हणून अर्ध्या लोकांना प्रश्न एका क्रमाने आणि अर्ध्यांना उलट क्रमाने द्यायचा विचार आहे. चेन आणि रायसनकडून शिकलेली सवय.

बाबांचं विचाराल तर खंबाटकीची गोष्ट कळल्यावर मी पत्राचा विषय काढलाच नाही. आधी चूक केली होती, ग्रुपवर आकडे फेकायची, तीच आता उलट्या बाजूने करायची नव्हती. त्यांना एवढंच म्हटलं, “बाबा, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला असं पत्र आलं आणि त्याने तुम्हाला विचारलं, तर काय सांगाल?” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला की तुझे बाबा शोरूमला गेलेत. दोन तासांत पंप बदलून मिळाला. हे सेल्फ-अफर्मेशन होतं, की पाच महिने पोटात असलेली भीती, की आईने रात्री वेगळंच काही सुनावलं होतं, हे एका केसवरून मला सांगता येणार नाही, आणि आईला विचारलं तर ती सगळं श्रेय स्वतःकडे घेईल.

मावसभावाने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली, जाड पत्र्याची, बारा महिने वेटिंग काढून. बाबांना तिच्यातून एक चक्कर मारून आणली. कशी आहे विचारलं तर म्हणाले, “गाडी उत्तम. फक्त क्लच जड वाटला.” मी लगेच वहीत लिहून घेतलं.

तुमच्या घरातल्या गाडीचं ‘फक्त’ काय आहे, तेही मला लिहून पाठवा. कंपनीचं नाव लिहू नका. कोणाला सांगितलं होतं आणि तो काय म्हणाला, ते मात्र नक्की लिहा.